चौऱ्याण्णवचा आकडा

आमच्या आजीच्या फुप्फुसांत पन्नासेक वर्षांच्या चुलीचा धूर आहे. विडी-सिगारेट तिने कधी हातात धरलेली नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात गॅस आला तेव्हा चहा आणि दूध गॅसवर गेलं. भाकरी आणि अंघोळीचं पाणी मात्र चुलीवरच राहिलं, कारण "गॅसवरच्या भाकरीला चव न्हाई." तिला धाप लागायची, त्याला घरातले सगळे दमा म्हणायचे. मार्च २०२३ मध्ये तिला कराडला ॲडमिट करावं लागलं तेव्हा पहिल्यांदा कागदावर वेगळं नाव आलं: सीओपीडी. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसलेल्या आणि फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या झिजलेल्या. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण आहे, असं पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. आमच्या घरी ही बातमी चौदा वर्षांनी पोचली.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा आजीबरोबर एक यंत्रही घरी आलं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, भाड्याने. छोट्या कपाटाएवढं, खाली चाकं, आणि सारखा 'फुस्स-ठक, फुस्स-ठक' आवाज. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी तीन गोष्टी लिहिल्या होत्या: मिनिटाला एक लिटर, दिवसातून किमान सोळा तास, आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा ८८ ते ९२ च्या मध्ये. मी त्या कार्डाचा फोटो काढून ठेवला. मी पुण्यात हिंजवडीला नोकरी करते, गावाकडे शनिवार-रविवार जाते. रोजचं सगळं काका-काकू बघतात. यंत्राची जबाबदारी काकांनी घेतली. ते शेती आणि खताचं दुकान सांभाळतात, पण घरातली मोटर, इन्व्हर्टर, डिश टीव्ही, जे काही बिघडेल ते त्यांच्याकडेच जातं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आजीच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८९ आलं. कार्डाप्रमाणे तो आकडा अगदी बरोबर होता. काकांना तो सहन झाला नाही. त्यांच्या फोनमध्ये जपून ठेवलेला एक व्हिडिओ आहे, त्यात एक डॉक्टर स्वच्छ मराठीत सांगतात की ९४ च्या खाली गेलं की थांबायचं नाही. काकांनी यंत्राचं बटण फिरवलं. काचेच्या नळीतली गोळी एकवरून चारवर चढली. थोड्या वेळात आकडा ९७ झाला. त्यांनी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, "आई ९७". खाली नातेवाइकांचे अंगठे आणि जोडलेले हात आले.

रात्रभर यंत्र चारवर चाललं. सकाळी आजी डोकं धरून उठली. काकूने चहा दिला तर कप हातात तसाच तिरका, आणि आजी बसल्या बसल्या झोपलेली. हलवून जागं केलं की डोळे उघडायची, परत पेंगायची. मधूनच काकूला तिने स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. बोटावर आकडा ९७ च होता, त्यामुळे कुणी घाबरत नव्हतं. "दवाखान्यात झोप झाली न्हाई, आता भरून काढतीय," असंच सगळे धरून चालले होते. चुलतभावाला मात्र ते बरं दिसलं नाही. त्याने मला फोन केला. मी विचारलं, "लिटर किती आहे?" तो म्हणाला, "चार." मी त्याला तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. डॉक्टर म्हणाले, प्रवाह कमी करा, आकडा नव्वदच्या आसपास आणा, पण नळी एकदम काढू नका, आणि तसेच इकडे या.

दवाखान्यात मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन तपासलं. ऑक्सिजन भरपूर होता. कार्बन डायऑक्साइड मात्र खूप वाढला होता, आणि त्यामुळेच ती गुंगीत जात होती. दोन रात्री तिला घट्ट मास्क लावून बायपॅपवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिने मास्क लावणाऱ्या सिस्टरला "बाई, तुझं माहेर कुठलं?" असं विचारलं, तेव्हा आम्ही सगळे पहिल्यांदा नीट जेवलो.

डॉक्टरांनी काकांना विचारलं, "वाढवायला कुणी सांगितलं?" काकांनी फोन काढला, व्हिडिओ लावला आणि त्यांच्या हातात दिला. डॉक्टर वॉर्डाच्या दारात उभे राहून तो शेवटपर्यंत बघत होते. मला वाटलं आता वैतागतील, युट्यूबच्या डॉक्टरांवर काहीतरी बोलतील. फोन परत देत ते म्हणाले, "यात चुकीचं काही नाही. फक्त हा तुमच्या आईसाठी नाही."

हे वाक्य नंतर बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिलं. ऑनलाइन आरोग्य व्हिडिओंच्या विश्वासार्हतेबद्दल आपण बोलतो तेव्हा खरा की खोटा एवढ्यावरच थांबतो. काकांचा व्हिडिओ खरा होता.

तो कुठून आला तेही सांगायला हवं, नाहीतर काका उगाच भोळे वाटतील. तो एप्रिल २०२१ चा आहे. तेव्हाचं सगळं आठवायला अजूनही नको वाटतं. बेडसाठी फोन, सिलिंडरसाठी फोन, रेमडेसिविरसाठी फोन. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. त्याच सुमाराला काकांच्या एका जवळच्या मित्राचा ऑक्सिजन ८९-९० वर आला. कराड, सातारा, इस्लामपूर, कुठेच बेड नव्हता. तेव्हा हा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला. त्यात डॉक्टर सांगत होते की ९४ च्या खाली आलात तर दवाखान्याच्या प्रयत्नात राहा आणि तोवर पोटावर झोपा. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीखाली, दोन नडग्यांखाली. दर अर्ध्या ते दोन तासांनी कूस बदला. जेवणानंतर तासभर नको, गरोदर बाईने नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही त्याच महिन्यात साधारण हीच माहिती चित्रांसह काढली होती. यामागे कारण आहे: माणूस पालथा झाला की फुप्फुसांचा पाठीकडचा, दबलेला भाग मोकळा होतो आणि तिथे हवा पोचते. काकांनी अंगणातून ओरडून ओरडून मित्राला झोपवलं. आकडा ९३ पर्यंत आला, बेड मिळेपर्यंतचा दीड दिवस निघाला. मित्र आज उसाच्या फडात उभा आहे. काकांनी ठरवलं की हा व्हिडिओ कधी डिलीट करायचा नाही.

मग दोन वर्षांनी तोच व्हिडिओ, तोच डॉक्टर, तोच ९४ चा आकडा, आणि फुप्फुसं वेगळी.

मला इंजिनिअर म्हणून पहिला प्रश्न पडला की जास्त ऑक्सिजनने कुणाचं वाईट कसं होईल? मी त्या दोन रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर बसून याबद्दल वाचत होते. चार लिटर ऐकायला फार नाही वाटत. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. नाकातल्या नळीने एक लिटर दिला की श्वासातलं प्रमाण साधारण २४ टक्के होतं, चार लिटरला ३६ च्या आसपास. आजीसारख्या झिजलेल्या फुप्फुसांत काही भाग असे असतात जिथे हवा नीट पोचतच नाही. शरीराने त्यावर तोडगा काढलेला असतो. तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त बऱ्या भागाकडे वळतं. ऑक्सिजन भरमसाट वाढला की त्या बंद केलेल्या वाटा पुन्हा उघडतात. रक्त अशा भागांतून फिरून येतं जिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला हवाच खेळत नाही. शिवाय हिमोग्लोबिनला ऑक्सिजन जास्त मिळाला की ते धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. त्यात अशा काही रुग्णांत श्वासाचा जोरही थोडा कमी होतो. हा सगळा कार्बन डायऑक्साइड शेवटी रक्तातच साठतो. बोटावरचं यंत्र मात्र ९७ दाखवत राहतं, कारण ते कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही.

या बोटावरच्या यंत्राबद्दल थोडं विषयांतर. ज्या तत्त्वावर ते चालतं ते ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरने १९७४ मध्ये शोधलं. दोन प्रकारचा प्रकाश, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, बोटातून आरपार जातो. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या ठोक्यासरशी जो बदल होतो तेवढाच वेचून हिशोब मांडायचा. सुई नाही, रक्त नाही. माझ्या मते गेल्या शतकातल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी ही एक आहे. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, म्हणजे अगदी त्या दिवसांत जेव्हा जगभरचे लोक त्यांच्या युक्तीवर चालणारं यंत्र शोधत दुकानं पालथी घालत होते. पण या यंत्रालाही मर्यादा आहेत. बोटं गार असली, नखाला रंग असला की आकडा हलतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यात दिसलं की रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असताना हे यंत्र तो कमीपणा न दाखवण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. सावळ्या त्वचेच्या देशात हे लक्षात ठेवायला हवं.

आणि ८८ ते ९२ हा आकडा डॉक्टरांच्या लहरीतून आलेला नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये ॲम्ब्युलन्समधल्या ४०५ रुग्णांवर एक चाचणी झाली होती, २०१० मध्ये छापली गेली. धाप लागलेले, सीओपीडी असण्याची शक्यता असलेले हे रुग्ण. अर्ध्या पथकांनी नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला. उरलेल्या पथकांनी आकडा ८८ ते ९२ राहील इतपतच दिला. भरपूर दिलेल्यांत ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांत ४ टक्के. दोन्हीकडची माणसं ऑक्सिजन देत होती, दोघांची इच्छा चांगलीच होती. हे वाचताना मला सारखे काका दिसत होते.

म्हणजे ऑक्सिजन वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. १९८१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सीओपीडीच्या ८७ रुग्णांचा पाच वर्षांचा हिशोब छापला. घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ पैकी १९ वारले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. आजीच्या कार्डावरचे सोळा तास इथून आलेत. पण २०१६ मध्ये अमेरिकेत ७३८ जणांवरची चाचणी आली. त्यांचा ऑक्सिजन थोडासाच कमी होता. त्यांच्या आयुष्यात किंवा दवाखान्याच्या फेऱ्यांत घरच्या ऑक्सिजनने काही फरक पडला नाही. औषधासारखंच आहे हे. कुणाला, किती, किती तास, या तिन्ही गोष्टी लागतात.

आजी घरी आल्यावर मी रात्री व्हिडिओ बघायला लागले. 'घरी ऑक्सिजन', 'ऑक्सिजन लेव्हल कशी वाढवावी', 'कॉन्सन्ट्रेटर कसा वापरावा', मराठी, हिंदी, इंग्रजी, जे समोर येईल ते. खोटे ओळखायला वेळ लागला नाही. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो म्हणे. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला आकडा तिथेच असतो. आणि तो कापूर पोटात गेला तर लहान मुलांना आकडी येते. मग २०२१ चा गाजलेला व्हिडिओ. त्यात दिल्लीजवळचे एक डॉक्टर म्हणतात की सिलिंडर मिळत नसेल तर नेब्युलायझर लावा, हवेत भरपूर ऑक्सिजन आहे. नेब्युलायझर औषधाचं धुकं करतो. त्यातून येते ती खोलीतलीच २१ टक्केवाली हवा. ज्या रुग्णालयाचं नाव त्यांच्याशी जोडलं गेलं त्यांनीच या दाव्यापासून हात झटकले होते, पण व्हिडिओ अजून फिरतोय. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन मोजणारी ॲप्सही दिसली. ऑक्सिमीटरला ते दोन ठरावीक प्रकाश लागतात, साध्या फोनच्या पांढऱ्या फ्लॅशमध्ये ती सोय नाही. ऑक्सिजनचे छोटे डबेही आहेत, डासांच्या स्प्रेसारखे दिसणारे. दहा लिटरचा डबा दोन लिटरच्या प्रवाहाला पाच मिनिटं पुरतो. एवढा भागाकार व्हिडिओत कुणीही करत नाही. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड नेब्युलायझरमध्ये घालून ओढायचं. अमेरिकेत दमा आणि ॲलर्जीच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं होतं की हे करू नका, फुप्फुसांना इजा होईल.

हे सगळं वाईटच आहे, पण मला त्याची फार भीती वाटली नाही. काकासुद्धा हे बघून हसले. "येवढं येडं न्हाई मी," म्हणाले. आणि ते बरोबर बोलत होते.

भीती वाटली ती चांगल्या व्हिडिओंची. एक ज्येष्ठ डॉक्टर शांतपणे सांगतात, आकडा ९५ च्या वर असावा. त्यांच्यासमोर कोविड झालेला धडधाकट चाळिशीचा माणूस आहे, पण ते तसं म्हणत नाहीत, कारण २०२१ मध्ये ते म्हणायची गरजच नव्हती. तेव्हा ऐकणारा प्रत्येक जण कोविडचाच होता. व्हिडिओत मागे कॅलेंडर नाही, पडद्यावर तारीख नाही. युट्यूबवर निदान खाली तारीख बारीक अक्षरांत दिसते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या तुकड्याला आगापिछा काहीच नसतो. दुसऱ्या एका व्हिडिओत कॉन्सन्ट्रेटर विकणारा माणूस छान समजावतो की आत झिओलाइट नावाचे खडे असतात, ते दाबाखाली हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन पुढे जातो. हे अगदी खरं आहे, इतकं सोपं मी कॉलेजातही ऐकलं नव्हतं. मग तो हसत हसत बटण फिरवून दाखवतो, "कम वाटला तर वाढवा." हे तीन सेकंदांचं वाक्य. आजीसारख्याला तेवढं पुरतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेला व्हिडिओ यंत्र दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकचा होता. आवाज खरखरीत, मागे कुत्रं भुंकतंय. त्याने सांगितलं की मागची जाळी आठवड्याला धुवून, पूर्ण वाळवून लावा. पाण्याच्या बाटलीत नळाचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं घाला आणि रोज बदला. यंत्र भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, नाहीतर तापतं. नाकाला व्हॅसलीन, बाम लावू नका, ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पटकन पेट घेतात. देवघरातली समई, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासून नळी लांब. आमच्याकडे आजीची खाट देवघराला लागूनच होती. त्याच दिवशी समई स्वयंपाकघरात गेली. आजी त्यावरून दोन दिवस आमच्याशी बोलत नव्हती. लाइट गेली तर काय, हेही त्यानेच सांगितलं. आमचं यंत्र साडेतीनशे वॅटच्या आसपास खातं. घरच्या १५० एएचच्या एका बॅटरीवर कागदावर पाच तास निघतात, प्रत्यक्षात साडेतीनच धरावेत. म्हणून एक छोटं बी टाइप सिलिंडर घेतलं. त्यात १,५०० लिटर असतात, एक लिटरने जवळजवळ २५ तास. मेकॅनिकने पूर्ण व्हिडिओत आकडा कितीवर ठेवायचा हे एकदाही सांगितलं नाही. "ते तुमच्या डॉक्टरला विचारा, मी मशीनवाला आहे." त्या व्हिडिओला जेमतेम काही शे व्ह्यूज होते.

असं का होतं, हे मला माझ्या कामामुळे थोडंफार कळतं. मी एका खरेदीच्या ॲपमध्ये 'तुम्हाला हेही आवडेल' ही पट्टी चालवणाऱ्या टीममध्ये आहे. आमच्यासारखी यंत्रणा फक्त तेच शिकते जे तिला मोजता येतं. क्लिक झालं का, किती वेळ थांबला, पुढे पाठवलं का. युट्यूबने २०१२ मध्ये नुसत्या क्लिकऐवजी लोक किती वेळ बघतात याला महत्त्व द्यायचं ठरवलं, तेव्हा ती सुधारणाच होती, फसव्या मथळ्यांना आळा बसावा म्हणून. पण 'आजी दुसऱ्या दिवशी सकाळी नीट उठली का' असा कॉलम कुठल्याच टेबलमध्ये नसतो. काकांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, परत बघितला, चौघांना पाठवला. यंत्रणेच्या हिशोबात ती संध्याकाळ यशस्वी झाली होती.

डॉक्टर समोरच्या माणसाकडे बघून बोलतात. चपला काढताना तो किती धापतोय, नखं निळी आहेत का, आधीचे रिपोर्ट कुठे आहेत, एवढं बघून मग एक आकडा लिहितात. व्हिडिओला समोरचा माणूस दिसत नाही. त्यामुळे व्हिडिओ कितीही चांगला असला तरी त्यातला आकडा कुणाचा आहे हे बघणाऱ्यालाच विचारावं लागतं. आणि बघणारा त्या वेळी घाबरलेला असतो. घरात कुणी धापत असताना "हा सल्ला कोणत्या आजारासाठी, कोणत्या साली दिलेला?" असं शांतपणे तपासत बसा, हे सांगणं फार सोपं आहे. काकांच्या जागी जो बसलाय त्याला करायचं काय ते हवं असतं, लगेच.

म्हणून आम्ही घाई नसताना एक कागद केला. चुलतभावाच्या शाळेच्या वहीतलं पान, जाड स्केचपेन, यंत्राच्या वरच चिकटवलेला. "आजीसाठी. १ लिटर. ८८ ते ९२. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही. डोकं दुखलं, सारखी झोप आली, बोलणं बरळलं, तर आकडा कितीही चांगला असो, फोन करायचा." खाली डॉक्टरांचा आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर. काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यांनी विचारलं, "तो व्हिडिओ काढून टाकू का?" मी म्हटलं, "कशाला, तुमच्या मित्राचा जीव वाचलाय त्यावर." मग त्यांनी त्या व्हिडिओखाली स्वतःलाच एक मेसेज लिहून ठेवला: कोरोनासाठी, आईसाठी नाही.

मे महिन्यात चुलतभावाने त्या कागदाचा फोटो स्टेटसला ठेवला, "आमच्या आजीचा नियम" म्हणून. चोवीस तासांत तो स्टेटसवरून गेला, पण तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट घेऊन पुढे पाठवला होता. वरचं 'आजीसाठी' कापलं गेलेलं. आठवड्याने काकांच्या फोनवर उंब्रजच्या बाजूच्या एका बाईंचा फोन आला. फोटोखाली कुणीतरी काकांच्या दुकानाचा नंबर लिहिला होता. काकांनी तो माझ्याकडे दिला, "तूच बोल, तुझ्या भाषेतलं हाय."

"ताई, आमच्या सासऱ्यांना घरीच ऑक्सिजन चालू केलाय," त्या म्हणाल्या. "फोटोत ८८ ते ९२ लिहिलंय. त्यांचं ९३ येतंय. कमी करू का?"

मी विचारलं, "काकू, त्यांना आजार काय सांगितलाय?"

"फुप्फुसाचाच आहे की."

"डिस्चार्ज कार्ड आहे का जवळ?"

त्या आत गेल्या. पिशवी उचकटल्याचा, मग प्लॅस्टिकच्या फाइलचा आवाज आला. पलीकडे त्यांचं यंत्रही फुस्स-ठक करत होतं. मग अडखळत, एकेक इंग्रजी अक्षर लावत त्यांनी वाचायला सुरुवात केली. आय, एल, डी. फायब्रोसिस. दोन लिटर. चालताना तीन. नव्वदच्या वर ठेवा.

"मग तुमचं बरोबर आहे, काकू. तो फोटो आमच्या आजीचा आहे, तिचा आजार वेगळा. तुम्ही काही कमी करू नका. आणि शंका आली तर त्या कार्डावर ज्या डॉक्टरांचा नंबर आहे त्यांना लावा."

"बरं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "आणि त्या बाटलीतलं पाणी रोज बदलायचं का हो? इथं कुणी सांगितलंच न्हाई."